सिस्टरची वही कोण वाचतं?

आज १२ मे. जागतिक परिचारिका दिन. सकाळपासून मोबाईलवर तेच फोटो येऊन राहिलेत. पांढऱ्या टोपीतली सिस्टर, हातात दिवा, खाली 'सेवेला सलाम'. मीही दरवर्षी टाकतो. यंदा टाकला नाही. त्याऐवजी थोडं लांब लिहितोय. ऊन उतरेपर्यंत तसंही कोणी बाहेर निघत नाही, तेव्हा सवडीनं वाचा.

परवा कपाट आवरताना २०१७ ची कात्रणं सापडली. आपल्या जिल्ह्यातल्या कोणालाही ते साल समजावून सांगायची गरज नाही. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, बोंडअळीची धास्ती, दोन-तीन औषधं एकत्र करून चाललेली फवारणी. त्या हंगामात शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन दवाखान्यात आले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. देशभरचे पत्रकार इथं आले, आणि आम्ही इथलेच, आम्ही तर रोजच तिथं होतो.

कात्रणं एकेक करून पाहिली. मंत्र्यांचा दौरा. चौकशी पथक. कृषी केंद्रांची तपासणी. कंपन्यांवर आरोप. डॉक्टरांशी बातचीत. मृतांच्या घरची बातमी. सगळं होतं. नर्सबद्दल एक ओळ नव्हती. एकाही बातमीत नाही. त्या महिन्यांत मी कितीतरी वेळा वॉर्डात गेलो असेन, आणि प्रत्येक वेळी खाटेजवळ उभी असलेली व्यक्ती एकच असायची, ती म्हणजे सिस्टर. तरी ती मला दिसली नाही.

एक रात्र मात्र आठवते. एक सिस्टर हातात टॉर्च घेऊन खाटेखाटेवर जात होत्या. रुग्णाच्या डोळ्यात उजेड टाकायचा, काखेत हात लावून पाहायचा, नाडी मोजायची, वहीत लिहायचं, पुढं जायचं. एका खाटेवर म्हणाल्या, "काका, मान उचला बरं." काकांची बायको घाबरलेली. "बाई, यायले काही बरं दिसून नाही राह्यलं." सिस्टर पुन्हा म्हणाल्या, "काका, उशीवरून मान उचला. थोडीशी." काकांनी उचलली. सिस्टरनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढं गेल्या. मला वाटलं, हा काहीतरी रोजचा सोपस्कार असेल.

तो सोपस्कार नव्हता. बऱ्याच वर्षांनी वाचत बसलो तेव्हा कळलं की तेच खरं काम होतं.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधं ऑरगॅनोफॉस्फेट गटातली. ती अंगात गेली की शरीरातलं एक महत्त्वाचं विकर बंद पडतं. मग घाम, लाळ, फुप्फुसातला स्राव थांबत नाही, बुबुळाचं छिद्र टाचणीच्या टोकाएवढं होतं, नाडी मंदावते. माणूस कोरड्या खाटेवर स्वतःच्याच छातीतल्या पाण्यात बुडतो. त्यावर ॲट्रोपिन देतात. पण ॲट्रोपिन किती द्यायचं याचा सगळ्यांना सारखा लागू पडेल असा आकडा नाही. छातीतली घरघर थांबली का, नाडी ८० च्या वर गेली का, काख कोरडी झाली का, हे दर काही मिनिटांनी पाहत डोस वाढवायचा. कमी पडलं तर रुग्ण जातो. जास्त झालं तर ताप चढतो, रुग्ण बरळायला लागतो, सलाईन ओढून काढतो. म्हणजे टॉर्च, काख, नाडी यांचा अर्थ हा होता.

आणि मान? विष उतरतंय असं वाटत असतानाच एक ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्णांचे स्नायू लुळे पडतात. आधी मान उचलेनाशी होते, मग श्वास थांबतो. ज्याची मान उशीवरून उठत नाही त्याला व्हेंटिलेटर लागू शकतो, हे त्या एका वाक्यातून आधी कळतं. "काका, मान उचला बरं" हा तपास होता, आणि त्याला ना मशीन लागलं, ना पैसा.

या बाबतीत बांगलादेशातल्या चितगावचा एक अभ्यास आहे, २०१२ मध्ये छापून आलेला. १५६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला जुन्या पद्धतीनं, ठरावीक वेळानं ठरावीक ॲट्रोपिन. दुसऱ्याला लक्षणं पाहत डोस झपाट्यानं वाढवत न्यायचा, लक्षणं आटोक्यात आली की सलाईनमधून थोडं थोडं सुरू ठेवायचं. पहिल्या गटात २२.५ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात ८ टक्के. औषध तेच होतं. फरक पडला तो देण्याच्या आणि पाहण्याच्या पद्धतीमुळं. आणि आपल्याकडं हे चोवीस तास पाहणं ज्यांच्या हातात असतं त्या नर्स.

मग प्रश्न पडला की हे काम आपल्याला दिसत का नाही. त्याचं उत्तर शोधताना मी थेट त्या दिव्यावाल्या बाईंपर्यंत गेलो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १२ मे १८२०. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ३८ जणींना घेऊन ती तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. रात्री दिवा घेऊन वॉर्डात फिरायची, हे खरंच आहे. पण तिनं पुढं जगाला हलवलं ते वहीनं. तिथं गेल्यावर तिला दिसलं की सैनिक किती मरतात याची नोंदच धड नाही, तीन ठिकाणी तीन आकडे. फेब्रुवारी १८५५ मध्ये इस्पितळातलं मृत्यूचं प्रमाण शंभरामागे ४२ च्या आसपास होतं. मार्चमध्ये सरकारी पथक आलं, तुंबलेल्या नाल्या उपसल्या, हवा खेळती केली. जूनपर्यंत ते प्रमाण दोनाच्या आसपास आलं. परत गेल्यावर तिनं हे आकडे मांडले, त्यांची रंगीत चित्रं काढली, आणि दाखवून दिलं की सैनिक जखमांपेक्षा घाणीतून आलेल्या रोगांनी जास्त मेले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेनं तिला सदस्य करून घेतलं. त्या संस्थेतली ती पहिली बाई.

भारतात ती कधीच आली नाही. पण १८५९ मध्ये इथल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्यासाठी आयोग नेमला गेला, तेव्हा छावण्या-छावण्यांना छापील प्रश्नावली गेली, आणि आलेल्या उत्तरांच्या गठ्ठ्यांवर तिनं काम केलं. १८६३ च्या अहवालात आकडा आला की दर हजारी ६९ सैनिक वर्षाला मरतात. दहा वर्षांनी तिनंच लिहिलं की तो १८ वर आलाय. एक बाई लंडनच्या खोलीत बसून, इथं पाय न ठेवता, फक्त नोंदी वाचून हे करू शकली.

आपण मात्र तिचा दिवा ठेवला आणि वही विसरलो. नर्सिंगच्या मुली शपथ घेतात तेव्हा दिवे पेटवतात, कार्यक्रम छान होतो, आम्ही फोटो छापतो. आपल्याकडं याला आणखी एक कारण आहे. आपण या कामाला 'सेवा' म्हणतो. सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. शेजारच्या वर्ध्यात, सेवाग्रामला, गांधीजी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतः धुवायचे, मालिश करायचे. शब्द मोठा आहेच. पण सेवा म्हटली की तिचे तास मोजायचे नसतात, तिचा पगार विचारायचा नसतो, आणि ती नीट झाली की नाही हे तपासायचंही नसतं, असं आपणच ठरवून टाकलंय.

इतिहास पाहा. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या मुंबईत नर्सिंगच्या शिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय बाई. पाठ्यपुस्तकात त्यांना एक ओळ मिळते. १९४६ मध्ये भोर समितीनं देशाच्या आरोग्याचा हिशेब मांडला. ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, आणि नर्स? ४३,००० लोकांमागे एक. साऱ्या देशात मिळून सुमारे ७,०००. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला, १९६६ मध्ये महाराष्ट्र परिचारिका कायदा. १९६४ मध्ये मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज निघालं. १९९८ मध्ये नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं. २०२३ मध्ये १९४७ चा कायदा जाऊन नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. शिक्षण वाढलं, नाकारून चालणार नाही. पण वॉर्डात काय घडतं याचं मोजमाप त्याबरोबर वाढलं का, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न माझ्या घरचाही आहे. काही वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला. दवाखान्यातून घरी आणलं, महिनाभर आम्ही जिवापाड केलं. जेवण, औषध, अंग पुसणं, रोज पाठीला स्पिरिट आणि पावडर. तरी माकडहाडाजवळ जखम पडली आणि वाढत गेली. आमच्या गल्लीत एक रिटायर झालेल्या सिस्टर राहायच्या. त्यांनी येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "पावडर लावून काय होते रे? कूस कोण बदलवते?" कोणीच नव्हतं बदलत. प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्यानं बदलली असेल. त्यांनी माझ्या पोरीची जुनी वही घेतली, तीन रकाने पाडले. वेळ, कोणती कूस, कोणाची सही. दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा. जखम भरायला वेळ लागला, पण भरली.

तेव्हा मला हे माहीत नव्हतं की त्या वहीमागं एका नर्सचं संशोधन आहे. डोरीन नॉर्टन, इंग्लंडमधली नर्स. तिच्या काळात बेडसोर होऊ नयेत म्हणून वॉर्डावॉर्डांत पाठीला साबण, स्पिरिट, काय काय चोळायचे. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या रुग्णांची नीट नोंद ठेवली आणि १९६२ मध्ये मांडलं की चोळण्यानं फायदा नाही, ठरल्या वेळी कूस बदलल्यानं आहे. कोणत्या रुग्णाला धोका जास्त हे ओळखायला तिनं पाच गोष्टींचा तक्ता बनवला. शरीराची स्थिती, शुद्ध, चालणं-फिरणं, हालचाल, आणि लघवी-शौचावर ताबा. प्रत्येकी एक ते चार गुण, एकूण वीसपैकी. चौदा किंवा कमी आले तर सावध व्हा. पाच मिनिटांचं काम, एक कागद.

आता मुंबईची गोष्ट, सगळ्यांना माहीत असलेली. केईएमच्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच हल्ला झाला, मेंदूला इजा झाली. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळपास ४२ वर्षं त्या एका खाटेवर होत्या, आणि केईएमच्या नर्सच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. महापालिकेनं त्यांना दुसरीकडं हलवायचं ठरवलं तेव्हा नर्सनी विरोध करून ते थांबवलं. पुढं दयामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, २०११ मध्ये त्याचा निकाल लागला. न्यायालयानं डॉक्टरांचं पथक पाठवलं. अंगावर एकही बेडसोर नाही, या गोष्टीची निकालात खास दखल घेतली गेली. आणि न्यायालयानं असंही म्हटलं की त्यांच्या बाबतीत निर्णय मागायचा अधिकार कोणाचा असेल तर तो इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा.

पेपरांनी ही बातमी करुणा आणि कायदा म्हणून छापली, आम्हीही छापली. पण आकडा म्हणून पाहा. दर दोन तासांनी एकदा म्हटलं तर दिवसाला बारा वेळा, वर्षाला ४,३८० वेळा. ४२ वर्षांत पावणेदोन लाखांच्या वर. एवढ्या वेळा कोणीतरी आलं असेल आणि कूस बदलली असेल. चांगल्या नर्सिंगची हीच अडचण आहे. ते जमलं तर काहीच घडत नाही. जखम होत नाही, रुग्ण खाटेवरून पडत नाही, चुकीचं औषध जात नाही. आणि जे घडलं नाही त्याची बातमी होत नाही. ते मोजलं तरच दिसतं.

मोजल्यावर काय होतं याचं उदाहरण विदर्भातच आहे. आपल्या वणीच्या पुढं चंद्रपूर आणि चंद्रपूरच्या पुढं गडचिरोली. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ गावं निवडली आणि तुलनेसाठी ४७ गावं. ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाचं वजन करणं, ताप पाहणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, वेळ आली तर इंजेक्शन देणं, आणि प्रत्येक भेट लिहून ठेवणं. या बाया नर्स नव्हत्या, पण करत होत्या ते नर्सिंगच. सुरुवातीला तिथं हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५.५ झाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं हे छापलं. आज आपल्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, त्याची मुळं तिथं आहेत. आकडे नसते तर दिल्लीत कोणी ऐकलं असतं का?

तिकडं अमेरिकेत लिंडा एकेन या नर्स-संशोधिकेनं पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा हिशेब २००२ मध्ये मांडला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, एका नर्सकडं एक रुग्ण वाढला की महिन्याच्या आत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत पाहिलं, जवळपास तोच आकडा. शिवाय पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी. शिक्षणाचा आणि जीव वाचण्याचा संबंध असा कागदावर आला. आपल्याकडं परिचर्या परिषदेचा निकष आहे की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स असावी. तुम्ही शेवटचे कोणत्याही सरकारी वॉर्डात गेला होता तेव्हा किती होत्या, आठवून पाहा.

आम्ही नर्सची बातमी करतो ती कधी? चूक झाली की. ३१ जानेवारी २०२१, घाटंजी तालुक्यातलं कापसी-कोपरी. १२ बाळांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर गेलं. चूक गंभीर होती, कारवाई झाली, देशभर बातमी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण गेले, तेव्हा अटक झालेल्यांत एक डॉक्टर आणि तीन नर्स होत्या. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवेल. माझं म्हणणं एवढंच की नर्स आम्हाला फक्त आरोपीच्या ओळीत दिसते. चांगली ओळ लिहायला आमच्याकडं नोंदच नसते.

आता नर्सिंगच्या शिक्षणाबद्दल एक. पदवीच्या शेवटच्या वर्षी मुलींना (आता मुलंही आहेत) संशोधन प्रकल्प करावा लागतो. असे प्रकल्प चाळायला मिळाले. बहुतेकांचं शीर्षक एकाच साच्यातलं, 'अमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता'. म्हणजे आधी प्रश्न विचारायचे, मग तक्ते दाखवून शिकवायचं, मग तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. गुण वाढतातच. बाइंडिंग होतं, सोनेरी अक्षरं, आणि फाईल कपाटात. मुलींचा दोष नाही. त्यांना वॉर्डातला प्रश्न घ्यायला कोणी सांगत नाही. आपल्या जिल्ह्यात प्रश्नांचा काय तुटवडा आहे? फवारणीच्या रुग्णांची रात्रपाळीत किती वेळा तपासणी होते? साप चावलेल्याच्या रक्ताची वीस मिनिटांची चाचणी वेळेवर पुन्हा होते का? लकव्याच्या रुग्णांपैकी किती जणांना बेडसोर होतात, आणि किती घरी गेल्यावर? याची उत्तरं मुंबई-दिल्लीहून येणार नाहीत. ती इथल्याच वह्यांत आहेत.

म्हणून आज सलाम करण्याऐवजी तीन गोष्टी मागतो.

एक, प्रत्येक वॉर्डाच्या दारावर पाटी असावी. आज या पाळीत रुग्ण किती, नर्स किती. रोज खडूनं लिहायची. खर्च शून्य.

दोन, बेडसोर, रुग्ण पडणं आणि औषधाची चूक, या तीन गोष्टींचा महिन्याचा हिशेब ठेवावा, आणि तो शिक्षेसाठी वापरू नये. शिक्षेची भीती असली की वहीत खोटं लिहिलं जातं, हे आपण सगळ्यांनी शाळेपासून पाहिलंय.

तीन, ही आमच्या धंद्यासाठी. पुढच्या वेळी रुग्णालयात काही घडलं तर पहिला प्रश्न विचारायचा, "त्या वेळी ड्युटीवर किती नर्स होत्या आणि किती रुग्णांमागे?" मी विचारणार आहे. नाही विचारला तर खाली कमेंटमध्ये मला ही पोस्ट दाखवा.

महिनाभरात पेरणी, जुलैपासून फवारणी. पुन्हा कोणीतरी काका डोळे चोळत दवाखान्यात येतील. त्यांच्या खाटेजवळ टॉर्च घेऊन कोणीतरी उभी राहील आणि मान उचलायला सांगेल. तिच्याकडं त्या वेळी सहा रुग्ण आहेत की तीस, यावर पुढचं बरंच काही ठरणार आहे.

या पोस्टच्या वाचकांत सिस्टर आणि ब्रदर बरेच आहेत, मला माहीत आहे. तुमच्या वॉर्डात असं काय आहे जे तुम्ही रोज लिहिता आणि कोणी वाचत नाही? इनबॉक्समध्ये सांगा. नाव येणार नाही. बातमी मात्र येईल.